दगड, लांकूड, लोखंड आणि गणित

गणित शिकून उपयोग काय, हा प्रश्न मुलें नेहमीं विचारतात, आणि पुष्कळ पालकही तो मनांत बाळगून असतात. व्याजाचा हिशेब, जमिनीची मोजणी व बाजारांतील वजनमाप एवढें आलें म्हणजे पुरे; वर्गमूळ, समीकरणें व प्रमेयें यांचें शेतकऱ्याच्या मुलास काय काम, असें बोलणें आपल्या भागांत कानावर येतें. या लेखांत आम्ही त्या प्रश्नाचें उत्तर उपदेशानें न देतां उदाहरणांनीं देणार आहों. उदाहरणेंही दूरदेशचीं नव्हेत, बहुतेक आपल्या परिसरांतीलच आहेत.

शिवरे हें भोर तालुक्यांतील, पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्याजवळचें गांव. त्याच्या दक्षिणेस भोरनजीक भाटघरचें धरण आहे. पश्चिमेस वेल्ह्याच्या डोंगरांत पानशेतचें. उत्तरेच्या अंगास खडकवासल्याचें. गांवांत जुन्या घरांच्या तुळया आहेत, हमरस्त्यावर सिमेंटचे पूल आहेत. या सर्व वस्तूंविषयीं विचारावयाचा मूळ प्रश्न एकच: हा पदार्थ किती भार सोसील, आणि कोणत्या आकारांत घातला असतां अधिक सोसील? पदार्थांच्या गुणांचें शास्त्र व स्थापत्यशास्त्र यांचा सारा डोलारा या एका प्रश्नावर उभा आहे, आणि त्याचें उत्तर गणितावांचून मिळत नाहीं.

१. चाकाची धाव: त्रैराशिक

आतां बहुतेक बैलगाड्यांस रबरी चाकें आलीं आहेत. तथापि लांकडी चाकास लोखंडाची धाव कशी चढवितात हें वडीलधाऱ्या मंडळींनीं पाहिलेलें असेल. धाव चाकाच्या घेरापेक्षां किंचित् लहान करतात. गोवऱ्यांच्या जाळांत ती लाल करून चाकावर घालतात व लागलीच पाणी ओततात. धाव आकसते आणि चाकाचे सर्व सांधे आवळून धरते.

लोखंड तापविलें असतां उष्णमानाच्या दर अंशास (सेल्सिअस) त्याची लांबी दहा लाखांस सुमारें १२ भाग या प्रमाणांत वाढते. चाकाचा व्यास १२० सेंटिमीटर धरला, तर घेर सुमारें ३७७ सेंटिमीटर होतो. धाव ५०० अंशांनीं तापविली, तर तिची लांबी ३७७ × ५०० × १२ ÷ १०,००,००० म्हणजे सुमारें २.२६ सेंटिमीटर वाढेल. धाव चाकापेक्षां याहून अधिक लहान असेल, तर ती तापवूनही चढणार नाहीं. ही झाली एक मर्यादा.

दुसरी मर्यादा लोखंडाच्या बळाची. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं असा नियम प्रसिद्ध केला कीं, स्थितिस्थापक पदार्थ जितका ओढावा त्या प्रमाणांत तो लांबतो. नरम पोलादाची सळई तिच्या लांबीच्या हजाराव्या हिश्श्यानें ताणण्यास दर चौरस मिलिमीटरला सुमारें २०० न्यूटन, म्हणजे स्थूलमानानें वीस किलोच्या वजनाएवढी ओढ लागते. ही ओढ सुमारें २५० न्यूटन झाली कीं पोलाद कायमचें लांबतें व पूर्वस्थितीस येत नाहीं. म्हणजे आठशेंत एक ही त्याची सीमा. ३७७ भागिले ८०० म्हणजे जवळ जवळ अर्धा सेंटिमीटर. चाकाचें लांकूड मुळींच दबलें नसतें, तर अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक लहान धाव ताणून निकामी झाली असती. प्रत्यक्षांत लांकूड दबतें, सांधे मिटतात, म्हणून लोहार याहून थोडी अधिक लहान धाव घेतो. ती किती, हें त्याच्या हाताला ठाऊक असतें. त्याचें ज्ञान खरें आहे; परंतु तें त्याच्यापाशींच राहतें. गणितानें सांगितलेली मर्यादा मात्र कागदावर उतरते आणि ज्यानें कधीं ऐरण पाहिली नाहीं त्यासही उपयोगीं पडते.

२. घराची तुळई: वर्ग, घन व महत्तम मूल्य

एक फळी घ्या. ती २० सेंटिमीटर रुंद व ५ सेंटिमीटर जाड असूं द्या. दोन दगडांवर ती आडवी ठेवून मध्यें उभे राहिलांत तर ती लवते. तीच कडेवर उभी करून ठेविली तर जवळ जवळ लवत नाहीं. लांकूड तेंच, वजन तेंच. मग हा भेद कोठून आला?

तुळई भारानें वांकते तेव्हां तिचा वरचा भाग दाबला जातो व खालचा ताणला जातो. मध्यभागीं एक पातळी अशी असते कीं जेथें दाबही नाहीं व ताणही नाहीं. या पातळीपासून जें लांकूड जितकें दूर, तितकें तें अधिक काम करतें. हिशेब केला असतां असें निघतें कीं, तुळईचें बळ तिची रुंदी गुणिले उंचीचा वर्ग या प्रमाणांत असतें. आणि न लवण्याचा गुण रुंदी गुणिले उंचीचा घन या प्रमाणांत असतो. आमच्या फळीस हे नियम लावून पाहूं. आडव्या फळीचें बळ २० × ५ × ५ = ५००; उभ्या फळीचें ५ × २० × २० = २०००, म्हणजे चौपट. ताठपणा आडव्या फळीचा २० × १२५ = २५००; उभ्या फळीचा ५ × ८००० = ४०,०००, म्हणजे सोळापट! गॅलिलिओनें १६३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तुळईच्या बळाचा विचार केला होता. बळ उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें हें त्यास उमगलें होतें. परंतु तुळईच्या आंत ताण व दाब कसे वांटले जातात याची त्याची कल्पना बरोबर नव्हती. तो उलगडा पुढील पिढ्यांतील गणितज्ञांनीं केला.

आतां सुताराचा एक प्रश्न घेऊं. ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल ओंडका आहे. त्यांतून सर्वांत बळकट तुळई कापावयाची तर रुंदी व उंची किती घ्यावी? मनांत पहिल्यानें चौरस येतो. चौरसाची बाजू सुमारें २१.२ सेंटिमीटर; त्याचें बळ २१.२ चा घन, म्हणजे सुमारें ९,५४५ येतें. रुंदी २० घेतली, तर पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणें उंचीचा वर्ग ९०० − ४०० = ५००, व बळ १०,०००. रुंदी १५ घेतली, तर उंचीचा वर्ग ६७५, व बळ १०,१२५. म्हणजे उत्तम तुळई या दोहोंच्या मध्यें कोठेंतरी आहे.

ती नेमकी शोधण्याची युक्ति अशी. रुंदीचा वर्ग, उंचीच्या वर्गाचा अर्धा भाग, आणि पुन्हा तोच अर्धा भाग, या तीन संख्यांची बेरीज नेहमीं व्यासाच्या वर्गाइतकीच, म्हणजे ९०० असते. ज्या संख्यांची बेरीज ठरलेली आहे, त्यांचा गुणाकार त्या सारख्या असतांना सर्वांत मोठा होतो, हें आपण बीजगणितांत शिकतों. बळाचा वर्ग या तीन संख्यांच्या गुणाकाराच्या चौपट असतो. म्हणून तीनही संख्या ३०० असाव्या. रुंदीचा वर्ग ३००, म्हणजे रुंदी १७.३, उंचीचा वर्ग ६००, म्हणजे उंची २४.५, आणि बळ सुमारें १०,३९२. चौरस तुळईपेक्षां ही सुमारें नऊ टक्के बळकट आहे, आणि तिला लांकूड मात्र सुमारें सहा टक्के कमी लागतें. उंची व रुंदी यांचें प्रमाण येथें दोनाच्या वर्गमुळास एक असें येतें. वर्गमूळ शिकून काय मिळतें, असें विचारणारास हें एक उत्तर आहे: लांकडाची बचत होऊन घर अधिक मजबूत होतें.

३. धरणाची भिंत: परिबल व गुरुत्वमध्य

भाटघरचें आजचें दगडी धरण १९२८ सालीं पुरें झालें. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड लॉइड यांचें नांव त्यास दिलें होतें. जलाशयास आतां येसाजी कंक यांचें नांव आहे. भिंतीची लांबी सुमारें १,६२५ मीटर व उंची सुमारें ५८ मीटर आहे. एवढें पाणी ही भिंत केवळ आपल्या वजनानें थोपवून धरते. मग तिचा पाया किती रुंद पाहिजे?

पाणी जितकें खोल तितका त्याचा दाब अधिक. एक मीटर खोलीवर दर चौरस मीटरला एक टन, दहा मीटरवर दहा टन. म्हणून भिंतीवरील दाबाचें चित्र त्रिकोणाचें होतें. खोली ‘उ’ मीटर असेल, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर पाण्याचा एकंदर रेटा ‘उ’च्या वर्गाच्या निम्मा टन होतो. त्रिकोणाचा गुरुत्वमध्य पायापासून एक तृतीयांश उंचीवर असतो. म्हणून हा रेटा तेथें लागू होतो असें समजावें. रेटा गुणिले ती उंची म्हणजे भिंत उलथविणारें परिबल. यांतून एक महत्त्वाची गोष्ट दिसते. पाणी दुप्पट खोल झालें, तर रेटा चौपट होतो आणि उलथविणारें परिबल आठपट होतें. पाणी वीस मीटरवरून बावीस मीटरवर गेलें, तर खोली दहा टक्केच वाढली. पण परिबल १.१ च्या घनाच्या प्रमाणांत, म्हणजे सुमारें एक तृतीयांशानें वाढलें.

याच्या उलट भिंतीचें वजन तिला जागेवर ठेवतें. दगडी बांधकाम दाब पुष्कळ सोसतें. परंतु ताण सोसत नाहीं, कारण चुन्याचा सांधा उघडतो. सांधा उघडूं नये यासाठीं वजन व रेटा यांची एकत्रित दिशा पायाच्या मधल्या तिसऱ्या भागांतून गेली पाहिजे. स्कॉटिश शास्त्रज्ञ रँकिन यानें १८७२ सालीं दगडी धरणांविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत पाण्याकडील अंगास ताण येऊं देऊं नये हें तत्त्व स्पष्ट मांडलें आहे. आणि हा अहवाल मुंबईच्या पाणीपुरवठ्याच्या संदर्भांत लिहिलेला होता, ही गोष्ट आपण महाराष्ट्रीयांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

भिंत काटकोन त्रिकोणाची, उभी बाजू पाण्याकडे, व बांधकाम पाण्याच्या २.४ पट जड असें धरूं. वजन भिंतीच्या पाण्याकडील कडेपासून पायाच्या एक तृतीयांशावर पडतें. समीकरण मांडलें असतां उंचीचा वर्ग = २.४ × पायाचा वर्ग, असें येतें. म्हणजे तीस मीटर उंचीस पाया ३० भागिले २.४ चें वर्गमूळ, अर्थात् सुमारें १९.४ मीटर रुंद पाहिजे.

परंतु येथें थांबणें धोक्याचें आहे. फ्रान्समध्यें बूझे येथील दगडी धरण २७ एप्रिल १८९५ रोजीं फुटलें व ऐंशींहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. भिंतीच्या खालीं व सांध्यांत शिरणारें पाणी तिला वर उचलतें, याचा हिशेब तेथें धरलेला नव्हता. हें उचलणें पुरतेपणीं धरलें, तर २.४ च्या जागीं १.४ घ्यावे लागतात, आणि पाया १९.४ च्या ऐवजीं सुमारें २५.४ मीटर येतो. समीकरण सोडविण्यांत चूक नव्हती. त्यांत एक संख्या घालावयाची राहिली होती. सहा मीटर दगड आणि कित्येकांचे प्राण यांचा भेद त्या एका संख्येंत होता.

पाण्याच्या उंचीचा हा घनाचा नियम मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांस चांगला ठाऊक असला पाहिजे. हे गृहस्थ १८८३ सालीं पुण्याच्या कॉलेजांतून स्थापत्याची परीक्षा उत्तीर्ण झाले होते. १९०३ सालीं खडकवासल्यास त्यांनीं योजलेले स्वयंचलित दरवाजे बसविले गेले. पाणी ठरीव पातळीच्या वर गेलें कीं ते आपोआप उघडत व पाणी उतरलें कीं मिटत. त्यामुळें भिंत धोक्यांत न घालतां अधिक पाणी सांठवितां आलें.

४. कोयना: अनेक समीकरणें

त्रिकोणी भिंतीचा हिशेब चार ओळींत होतो. पण भिंतीचा आकार मध्येंच बदलला आणि जमीनच हलूं लागली तर? ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे कोयनेस मोठा भूकंप झाला. १०३ मीटर उंचीच्या त्या काँक्रीटच्या धरणास, भिंतीचा उतार जेथें एकदम बदलतो त्या उंचीच्या सुमारास तडे गेले. भूकंपाचा धक्का म्हणजे भिंतीच्या वजनाचा एक ठराविक अल्प हिस्सा, असें धरून केलेल्या जुन्या पद्धतीच्या हिशेबांत तेथें धोका दिसत नव्हता. पुढें कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अनिल चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं नव्या गणितानें दाखविलें कीं, नेमक्या त्याच ठिकाणीं मोठा ताण येतो. धरणास मागून टेकू देऊन तें बळकट करण्यांत आलें. आणि कोयनेची भिंत जगभरच्या अभियंत्यांचा अभ्यासपाठ झाली.

तें नवें गणित काय आहे? भिंतीचे मनानें लहान लहान तुकडे पाडावयाचे. प्रत्येक तुकड्याचे कोपरे किती सरकतील हें अज्ञात धरावयाचें. प्रत्येक कोपऱ्यावरचीं बलें समतोल पाहिजेत, म्हणून प्रत्येक अज्ञातास एक समीकरण मिळतें. अशीं हजारों समीकरणें संगणक सोडवितो. परंतु त्याचें मूळ आपल्या शाळेंतील एकसामयिक समीकरणांतच आहे. दोन स्प्रिंगा एकीखालीं एक टांगा. वरची एक सेंटिमीटर ताणण्यास ३ किलो लागतात, खालचीस २ किलो. खालच्या टोंकास ६ किलो वजन लावा. सांधा ‘क्ष’ सेंटिमीटर व टोंक ‘य’ सेंटिमीटर खालीं आलें असें समजा. सांध्याचा समतोल: ३क्ष = २(य − क्ष). टोंकाचा समतोल: २(य − क्ष) = ६. सोडवून पाहा: क्ष = २, य = ५. दोन स्प्रिंगांच्या जागीं दहा हजार तुकडे आले म्हणजे कोयनेची भिंत झाली. रीत तीच, धीर मात्र अधिक लागतो, आणि तो यंत्राजवळ आहे.

५. सिमेंटचा ठोकळा: सरासरी व तफावत

पुलाचें काँक्रीट बांधतांना त्यांतूनच १५ सेंटिमीटर बाजूचे घन ठोकळे पाडतात, आणि अठ्ठावीस दिवसांनीं ते यंत्रांत दाबून फोडतात. दोन कंत्राटदारांचे पांच पांच ठोकळे घेऊं. पहिल्याचें बळ दर चौरस मिलिमीटरला २६, २७, २६, २७, २६ न्यूटन. दुसऱ्याचें १८, ३५, २२, ३३, २४. दोहोंची सरासरी २६.४ च. तर मग दोघेही सारखेच का? नाहीं. पूल सरासरीवर उभा राहत नाहीं. तो जेथें दुबळा तेथें मोडतो. म्हणून सरासरीबरोबर तफावतही मोजावी लागते. काँक्रीटचें ‘२०’ हें बळ म्हणजे सरासरी २० नव्हे; शंभरांत पांचांहून अधिक ठोकळे ज्याच्या खालीं जाऊं नयेत तें बळ. नेहमींची तफावत ४ धरली, तर त्यासाठीं सरासरी २० + १.६५ × ४ = २६.६ राखावी लागते. जो काळजीपूर्वक काम करतो त्याची तफावत कमी, म्हणून त्यास सिमेंटही कमी लागतें. प्रामाणिकपणाचा असा रोकडा हिशेब संख्याशास्त्र देतें.

पानशेतचा धडा

इतकें सांगितल्यावर वेल्ह्याच्या डोंगरांतील त्या दुर्घटनेचें नांव घेतल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. पानशेतचें मातीचें धरण १९६१ सालीं बांधून होत होतें. पाणी सोडण्याच्या मार्गाचें काम अपुरें असतांनाच पावसाळ्याचें पाणी अडलें. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यांत मुसळधार पाऊस झाला. पाणी सोडण्याच्या मार्गावरील बांध खचूं लागला. जवानांनीं रात्रीच्या अंधारांत वाळूचीं पोतीं रचलीं. तरी १२ जुलैच्या सकाळीं धरण फुटलें. तो लोंढा खडकवासल्याच्या भिंतीवरून गेला. १८७९ पासून ब्यायशीं वर्षें उभी असलेली ती भिंतही त्याच दिवशीं कोसळली, आणि पुण्याच्या नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. पाण्याच्या उंचीविषयींचा नियम आम्हीं वर सांगितला आहे. त्या दिवशीं तो पुस्तकांत राहिला नाहीं.

यावरून विद्यार्थ्यांनीं काय घ्यावें? गणित हें जात्यासारखें आहे. धान्य घालाल तसें पीठ पडेल. पदार्थाचें खरें बळ, पाण्याची खरी उंची, कामाची खरी स्थिति या संख्या खऱ्या असतील तरच उत्तर खरें. म्हणून उत्तर पुस्तकाशीं जुळलें कीं नाहीं एवढेंच पाहूं नये. घातलेल्या संख्या कोठून आल्या हें विचारण्याची संवय आतांपासून लावावी. आणि पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, मुलगा वा मुलगी वहीवर त्रिकोण काढीत बसली, तर तें काम निरुपयोगी समजूं नये. आपल्या उशाशीं जीं धरणें आहेत, त्यांची राखण पुढें याच मुलांकडे यावयाची आहे.

अभ्यासासाठीं प्रश्न

(१) ४० सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्यांतून सर्वांत बळकट तुळई कापावयाची आहे. रुंदी व उंची काढा. (२) बांधकाम पाण्याच्या २.५ पट जड असेल, तर २० मीटर उंच त्रिकोणी भिंतीचा पाया उचलणारें पाणी न धरतां किती व धरून किती येतो? (३) वरची स्प्रिंग एक सेंटिमीटर ताणण्यास ४ किलो व खालचीस २ किलो लागतात. ८ किलो वजन टांगलें असतां सांधा व टोंक किती खालीं येतील? (४) आपल्या घरच्या एका तुळईची रुंदी व उंची मोजा, आणि ती सुतारानें उभी बसविली आहे कीं आडवी, तें लिहून आणा.